माका मूळ घेतल्यानं पुरुषांची कामेच्छा आणि दम खरंच वाढतो का? अनुभव हवेत

उत्तररात्र

नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे म्हणून नवा आयडी काढून लिहितोय. एरवी मी इथला जुना वाचक आहे.

वय ४४, लग्नाला १६ वर्षं झाली. गेलं दीड वर्ष शरीरसंबंधांच्या बाबतीत माझं काहीतरी बिनसलंय. नेमकं काय, ते मलाच शब्दांत पकडता येत नव्हतं, म्हणून मी त्याला 'दम कमी झालाय' एवढंच म्हणत आलो. एका मित्राने माका मुळाची भुकटी सुचवली. आधी अंदाजाने एक चमचा घ्यायचो, आता वजनकाट्यावर मोजून रोज ३ ग्रॅम. आज अकरावा आठवडा पूर्ण झाला.

डबा उघडला की भाजलेल्या पिठासारखा गोडसर वास येतो आणि मागून मोहरीचा उग्रपणा जाणवतो. कोमट पाण्यात गाठी धरतात, चमच्याने कडेला दाबून मोडाव्या लागतात. पहिले आठ-दहा दिवस पोटात नुसता गुबारा धरायचा. आता सवय झाली.

बायकोला सगळं माहीत आहे. तिनेच सांगितलं, 'मनात हिशेब करू नकोस, वहीत लिही.' म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवली. तीन रकाने: झोप किती तास, इच्छा दहापैकी किती, आणि काही घडलं तर कसं झालं. पहिल्या तीन आठवड्यांत इच्छेचा आकडा ४ वरून ६-७ वर गेला. मी हरखून गेलो. त्यानंतर तो तिथेच आहे. पण तिसरा रकाना वाचला की वाईट वाटतं. त्यात 'मध्येच सुटलं' हे शब्द अकरा आठवड्यांत नऊ वेळा आले आहेत.

कुणी माका घेतलाय का? किती दिवस घेतला? मी मात्रा वाढवून ५-६ ग्रॅम करावी का? टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, 'नैसर्गिकरीत्या वाढवते' असं डब्यावर लिहिलंय, ते खरं आहे का? मित्राने आणखी एक बाटली दिली आहे, 'माका' नावाच्याच कॅप्सूल, 'पाऊण तासात परिणाम' असं लिहिलेल्या. एकदाच घेतली. काम झालं, पण चेहरा गरम झाला, नाक चोंदलं आणि रात्रभर डोकं ठणकत होतं. मात्रा जास्त झाली असेल का?

पानगळ

एक शंका. माका म्हणजे केसांच्या तेलात घालतात तोच ना? तो पोटात घेऊन हा उपयोग होतो हे पहिल्यांदाच ऐकतेय.

मुळाक्षर

पानगळताई, नाही. दोन्ही वनस्पतींचा एकमेकींशी काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं झालंय. केसांचा माका म्हणजे भृंगराज, तो सूर्यफुलाच्या कुलातला. उत्तररात्र घेतायत तो माका पेरू या देशातला, शास्त्रीय नाव लेपिडियम मेयेनी. मोहरी, मुळा, कोबी यांच्या कुलातली ही वनस्पती. त्यातही तिची प्रजाती आपल्या अळिवाची आहे, अळीव म्हणजे लेपिडियम सॅटिव्हम. मोहरीसारखा वास येतो तो त्यामुळेच. 'पेरूचं जिनसेंग' म्हणून विकतात, पण जिनसेंगशीही तिचं काही नातं नाही.

वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं विस्ताराने लिहितो. या झाडावर माझा जीव आहे.

पेरूच्या मध्य भागात हुनीन आणि पास्को प्रांतांतल्या पठारावर, साधारण ३,८०० ते ४,४०० मीटर उंचीवर माका पिकतो. एवढ्या उंचीवर दुसरं पीक क्वचितच तग धरतं. रोज रात्री दहिवर गोठतं, दिवसा झोंबरं ऊन आणि त्यावर सतत वारा. पानं जमिनीला चिकटून पसरलेली असतात आणि खाली मुळ्यासारखा छोटा गड्डा. पिवळा, लाल, काळा असे त्याचे रंग. काढणीनंतर हे गड्डे उघड्यावर कित्येक आठवडे वाळवतात. रात्री गोठतात, दिवसा वितळतात, पुन्हा गोठतात. या उलथापालथीत आतल्या पेशी फुटतात, ग्लुकोसिनोलेट नावाची तिखट द्रव्यं मोडतात आणि त्यांच्या तुकड्यांपासून 'माकामाइड' नावाची द्रव्यं तयार होतात. ती माक्याची ओळख समजली जातात. म्हणजे औषधी म्हणून ज्याची चर्चा चालते, तो ऐवज ताज्या गड्ड्यात फारसा नसतोच. तो वाळवण्यात घडतो.

तिथले लोक याला औषध म्हणून चिमटीने घेत नाहीत. शिजवून, पेज करून, पोटभर खातात. वाळलेल्या माक्यात साधारण १० टक्के प्रथिनं आणि ६० टक्क्यांच्या आसपास पिष्ठमय पदार्थ. तिथल्या माणसासाठी ते अन्न आहे. माक्याने जननक्षमता वाढते ही समजूतही जुनी, १६५३ साली बेर्नाबे कोबो या स्पॅनिश पाद्र्याने तशी नोंद केली आहे. 'इंका योद्धे लढाईआधी माका खात' ही गोष्ट मात्र जाहिरातीतच जास्त भेटते. तिला धरून काही ठरवू नका.

पोटातल्या गुबाऱ्याबद्दल: तुमची भुकटी कच्ची असणार. 'जिलेटिनाइज्ड' असं लिहिलेली मिळते, ती दाब आणि उष्णता देऊन आधी शिजवलेली असते. ती पचायला हलकी. नावावरून वाटतं तसं त्यात जिलेटिन नसतं.

लांबपल्ला

दम या शब्दावर बोलतो, कारण मी लांब पल्ल्याची सायकल चालवतो आणि मी माका त्यासाठीच घेतला होता. सहा आठवडे. माझ्या वेळेत काहीही फरक पडला नाही. नंतर शोधल्यावर सायकलपटूंवरचाच एक छोटा प्रयोग सापडला, २००९ चा. आठ तयारीचे पुरुष सायकलपटू, १४ दिवस माक्याचा अर्क, ४० किलोमीटरची वेळ. आधीच्या स्वतःच्या वेळेपेक्षा ते जलद गेले, पण प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण दिसायला तशीच मात्रा, घेतल्यावरच्या वेळेशी तुलना केल्यावर तो फरक टिकला नाही. गंमत अशी की त्याच आठ जणांची कामेच्छा मात्र प्लासिबोच्या तुलनेतही वाढलेली दिसली. आठच माणसं आहेत, त्यामुळे यावर फार भार टाकता येणार नाही. पण मला वाटतं, पळायचा, चढायचा, सायकलचा दम वेगळा आणि तुम्ही म्हणताय तो वेगळा.

नवा_गडी

वय २४. मला तसा काही त्रास नाही, पण जिममधले सगळे घेतात म्हणून विचारतो. आतापासून घेतला तर पुढे फायदा होईल का? आणि 'किती वेळ टिकायला हवं' याचा काही आकडा असतो का? व्हिडिओंमध्ये बघून मला फार न्यूनगंड येतो.

स्टेथो

मी फिजिशियन आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, ते समोर तपासूनच होतं. पण उत्तररात्र, तुमची वही मला फार मोलाची वाटली. तुम्ही ज्याला एका शब्दात 'दम' म्हणताय, त्याचे तुम्ही स्वतःच वेगवेगळे रकाने पाडले आहेत. माझ्या समोर बसलेले बहुतेक पुरुष 'कमजोरी आलीय' म्हणतात आणि पुढे बोलतच नाहीत. मग मला एकेक करून विचारावं लागतं: मन होतं का? मन झाल्यावर ताठरता येते का? आली तर शेवटपर्यंत राहते का? वीर्यपतन फार लवकर होतं का? की अंगातच त्राण नसतं, जिना चढतानाही? हे वेगवेगळे आजार आहेत. त्यांची कारणं आणि उपचारही वेगळे.

तुमच्या वहीप्रमाणे मन आहे. सुटतेय ती ताठरता.

माक्याबद्दल माणसांवर जे काम झालंय, त्यातलं महत्त्वाचं लिमा इथल्या कायेतानो एरेदिया विद्यापीठात गुस्तावो गोन्सालेस यांच्या गटाने केलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात २१ ते ५६ वयाच्या निरोगी पुरुषांना १२ आठवडे रोज दीड किंवा तीन ग्रॅम माका नाहीतर प्लासिबो दिला होता. माका घेणाऱ्यांची कामेच्छा आठव्या आठवड्यापासून वाढलेली दिसली. टेस्टोस्टेरॉन मात्र बदललं नाही, इस्ट्रोजनही नाही. म्हणजे तुमच्या डब्यावरचं वाक्य ज्या झाडाच्या नावावर छापलंय, त्याच झाडावरच्या प्रयोगाने ते खोडून काढलंय. इच्छा वाढली असेल तर ती दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने, आणि ती वाट अजून कुणी पक्की दाखवलेली नाही.

आता ताठरतेचं. २००९ मध्ये इटलीत सौम्य तक्रार असलेल्या ५० पुरुषांवर प्रयोग झाला, रोज २.४ ग्रॅम, १२ आठवडे. पाच प्रश्नांची एक प्रश्नावली असते, २५ पैकी गुण. माका घेणाऱ्यांचे सरासरी १.६ गुण वाढले, प्लासिबोवाल्यांचे ०.५. संख्याशास्त्राच्या भाषेत तो फरक खरा आहे. पण २५ पैकी एका गुणाच्या फरकाने 'मध्येच सुटलं' हे वाक्य कुणाच्या वहीतून जाणार नाही. २०१० मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र तपासणारा आढावा आला. त्यात नीट घेतलेले चारच सापडले आणि निष्कर्ष निघाला की पुरावा तोकडा आहे.

तुमचे आकडे तिसऱ्याच आठवड्यात वर गेले, प्रयोगात आठवा उजाडला होता. मला शंका आहे की सुरुवातीची वाढ तुम्ही दोघं या विषयावर मोकळेपणाने बोलायला लागलात त्याची असेल. बायकोने वही ठेवायला सांगितली, हा उपचारच होता. मात्रा वाढवू नका. ३ ग्रॅमच्या वर जास्त फायदा होतो असं दाखवणारं काही माझ्या वाचनात नाही.

आता दोन प्रश्न. पहाटे जाग येते तेव्हा आपोआप ताठरता असते का? आणि शेवटची साखर, रक्तदाब कधी तपासले होते?

नवा_गडी, तुम्हाला त्रास नाही तर तुम्हाला काहीच नको. माका पुढच्यासाठी साठवून ठेवता येत नाही. पाच देशांतल्या जोडप्यांनी घड्याळ लावून मोजलेला एक अभ्यास आहे, त्यात मधला आकडा साडेपाच मिनिटांच्या आसपास आला. व्हिडिओ कापून जोडलेले असतात. न्यूनगंड येईल असं तुमच्यात काही नाही.

खल-बत्ता

फार्मासिस्ट आहे, २२ वर्षं काउंटरवर उभा आहे. स्टेथोंनी बाकी सगळं लिहिलंय, मी त्या दुसऱ्या बाटलीबद्दल लिहितो. उत्तररात्र, कृपया ती पुन्हा घेऊ नका.

कारण सरळ आहे. माक्याला प्रयोगात आठ आठवडे लागले. पाऊण तासात परिणाम करणारा पदार्थ माका असूच शकत नाही. चेहरा गरम होणं, नाक चोंदणं, डोकं ठणकणं हे तिन्ही परिणाम माक्याचे नाहीत. सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गटातल्या औषधांचे मात्र ते अगदी नेहमीचे परिणाम आहेत. 'हर्बल', 'नैसर्गिक' असं लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये ही औषधं गुपचूप मिसळलेली सापडतात. अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथलं औषध प्रशासन, अशा उत्पादनांची यादी वर्षानुवर्षं जाहीर करत आलंय आणि ती काही संपत नाही. तुमच्या बाटलीत काय आहे ते प्रयोगशाळेशिवाय सांगता येणार नाही, पण खुणा जुळतायत.

सिल्डेनाफिल हे वाईट औषध नाही. १९९८ पासून वापरात आहे आणि डॉक्टरांनी तपासून दिलं तर चांगलं काम करतं. पण ते किती मिलिग्रॅम पोटात गेलं हे घेणाऱ्याला कळायला हवं. जो माणूस हृदयासाठी नायट्रेट घेतो, म्हणजे छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, सॉर्बिट्रेट वगैरे, त्याने हे घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळतो. जीव जाऊ शकतो. अशा माणसाने 'आयुर्वेदिक आहे, माका आहे' म्हणून विश्वासाने कॅप्सूल घेतली, तर इस्पितळात विचारल्यावरही तो सांगणार नाही, कारण त्याला स्वतःलाच ठाऊक नाही. या धंद्यात मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा.

साध्या भुकटीच्या डब्यावर मी काय बघतो तेही सांगतो. झाडाचं शास्त्रीय नाव, एका मात्रेत माका किती, अर्क असेल तर किती पट, बॅच क्रमांक, बनवणाऱ्याचा पत्ता. 'विशेष मिश्रण' असं लिहून सात वनौषधींची नावं आणि वजन एकच दिलेलं असेल, तर त्यात माका चिमूटभरही असू शकतो.

शांतनिळा

मी स्त्री आहे, या धाग्यावर लिहावं का याचा दोन दिवस विचार केला.

माझा नवरा तीन वर्षं नैराश्यावरची गोळी घेतो. एसएसआरआय गटातली. गोळीने त्याला जगायला परत आणलं, हे मी आधी लिहिते. पण इच्छा मात्र पार मावळली. तो जवळ यायचाच बंद झाला आणि मी वर्षभर समजत होते की मी आता त्याला आवडत नाही. त्याला वाटायचं तो पुरुष म्हणून संपला. दोघंही एकमेकांना दुखवू नये म्हणून गप्प. गोळीचा हा परिणाम असू शकतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलंही नव्हतं.

त्यानेही माकाच आणला होता. मग एके दिवशी मीच मानसोपचारतज्ज्ञांसमोर हे बोलले. त्यांनी मात्रा बदलली, पुढे गोळीच बदलली. चार महिन्यांत फरक पडला. माका त्या काळात चालूच होता, त्यामुळे त्याचा वाटा किती ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की अशा गोळ्या घेणाऱ्यांवर माक्याचा एक लहान प्रयोग झालाय, त्यात दीड ग्रॅमपेक्षा ३ ग्रॅमवाल्यांना थोडा फायदा दिसला.

पुरुषांना एक विनंती. डबा आणण्याआधी घरात बोला. मला त्या वर्षाचं फार वाईट वाटतं.

स्टेथो

शांतनिळा, लिहिलंत ते फार बरं केलंत. तो प्रयोग २००८ चा, बॉस्टनचा. जेमतेम २० जणांचा आणि त्यात बहुतेक स्त्रिया होत्या, त्यामुळे जपूनच वाचायचा. वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: ही गोळी मनाने बंद करू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि केस गळू नयेत म्हणून घेतलं जाणारं फिनास्टेराइड, यांचाही इच्छेवर किंवा ताठरतेवर परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांकडे जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, सप्लिमेंटचीही.

पाळणा

आम्ही दोन वर्षं बाळासाठी प्रयत्न करतोय. शुक्रजंतूंची संख्या कमी आहे. यात माक्याचा काही उपयोग?

मुळाक्षर

पाळणा, गोन्सालेस यांच्याच गटाचा २००१ चा एक अभ्यास आहे, चार महिने माका दिल्यावर वीर्याचं प्रमाण, शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल वाढल्याचं त्यात दिसलं. पण पुरुष फक्त नऊ आणि तुलनेला प्लासिबोचा गट नाही. काळ्या माक्याने शुक्रजंतू वाढल्याचे प्रयोग उंदरांवरचे आहेत. बाकी स्टेथो सांगतील.

स्टेथो

पाळणा, शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून यात कुठलाही बदल लगेच दिसत नाही. पण दोन वर्षं झाली असतील तर माक्यासाठी आणखी थांबू नका. दोघांचीही तपासणी एकदमच व्हायला हवी. वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या असणं हे कारण सापडतं आणि त्यावर उपाय असतो. मांडीवर तापलेला लॅपटॉप, तंबाखू आणि जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं यांपासून लांब राहा. शेवटच्याने शुक्रजंतू वाढत नाहीत, उलट बनायचेच थांबतात. हे तरुण मुलांना कुणी सांगतच नाही.

निवृत्त_६१

उत्तररात्र, तुम्ही माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे आहात म्हणून हक्काने लिहितो.

मला ५३ व्या वर्षी तुमच्यासारखीच तक्रार सुरू झाली. मी वय झालं म्हणून सोडून दिलं. मग दोन वर्षं चूर्ण, वटी, माका, जे कुणी सांगेल ते. छातीत कधी दुखलं नाही, चालताना धाप नाही, त्यामुळे डॉक्टरकडे जायचा प्रश्नच मनात आला नाही. ५६ व्या वर्षी एका सकाळी बूट घालायला वाकलो आणि डाव्या जबड्यापासून खांद्यापर्यंत कळ गेली. दोन स्टेंट बसले. नंतर डॉक्टरांनी विचारलं, 'ताठरतेचा त्रास कधीपासून आहे?' मी म्हटलं, तीन वर्षं. ते गप्प राहिले. मग त्यांनी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या. शिश्नाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. तोच गाळ दोन्हीकडे साचतो, बारीक नळी आधी कुरकुरते.

तो कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

माक्याने माझं काही वाईट केलं नाही. पण तो पोटात जात होता तोवर मला वाटत होतं की मी काहीतरी उपाय करतोय. ती दोन वर्षं गेली त्यात.

लांबपल्ला

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. उद्याच तपासण्यांसाठी नाव नोंदवतो. वय ३९.

पानगळ

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी माका घ्यावा का? माझ्या भावासाठी विचारतेय. तुम्ही कोबी-मुळ्याच्या कुलातला म्हणालात म्हणून शंका आली.

खल-बत्ता

बरोबर शंका आहे, ताई. त्या कुलातली ग्लुकोसिनोलेटं जास्त प्रमाणात गेली, विशेषतः आहारात आयोडीन कमी असेल तर, थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकतात. शिजवलेल्या माक्यात ती कमी होतात. तरी भावाने डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, आणि घेतलाच तर थायरॉइडच्या गोळीसोबत एका वेळी नको. ती गोळी रिकाम्या पोटी, एकटीच. रक्तदाब असणाऱ्यांनीही लक्ष ठेवावं, चयापचयाच्या विकाराच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात माक्यावर खालचा रक्तदाब थोडा वाढलेला दिसला होता. एरवी दोन-तीन महिने ३ ग्रॅमपर्यंत घेणाऱ्या निरोगी माणसांत गंभीर काही झाल्याचं प्रयोगांत दिसलेलं नाही. पोटाच्या तक्रारी असतात. काहींची झोप उडते, त्यांनी सकाळी घ्यावा.

उत्तररात्र

सगळ्यांचे मनापासून आभार. निवृत्त काका, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. वाचून संपायच्या आत तिने तपासणीची वेळ घेतली.

स्टेथो, तुमचं उत्तर: पहाटेची ताठरता गेल्या वर्षभरात जवळजवळ नाहीच. मी ते कधी लक्षातच घेतलं नव्हतं. साखर शेवटची चार वर्षांपूर्वी तपासली होती. झोपेच्या रकान्यात सरासरी साडेपाच तास निघाली. रिपोर्ट आले की लिहितो.

स्टेथो

पहाटेची ताठरता मनाने घडत नाही, झोपेत आपोआप येते. ती असते आणि जोडीदारासोबत अडचण येते, तेव्हा कारण बहुतेकदा ताण किंवा भीतीचं. ती वर्षभर गायब असेल तर रक्तवाहिन्या, नसा, साखर, हॉर्मोन असा शरीराकडे शोध घ्यावा लागतो. टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीसाठी रक्त सकाळी लवकर आणि उपाशीपोटी द्या, दुपारचा आकडा कमी येतो. कमी आलं तर पुन्हा एकदा तपासल्याशिवाय कुणाचं ऐकून इंजेक्शन घेऊ नका.

झोपेचंही हलक्यात घेऊ नका. शिकागो विद्यापीठाचा २०११ मधला प्रयोग आहे. दहा निरोगी तरुण आठवडाभर रोज पाचच तास झोपले तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. घोरता का, तेही बायकोला विचारून ठेवा.

उत्तररात्र

(तीन आठवड्यांनंतर)

उशीर झाला, माफ करा. रिपोर्ट असे आहेत. टेस्टोस्टेरॉन सकाळी आठला ४३८, म्हणजे व्यवस्थित. थायरॉइड व्यवस्थित. रक्तदाब १४८/९४. आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.८. मला मधुमेह आहे. घरात कुणालाच नाही, वजनही फार नाही, त्यामुळे मी दोन मिनिटं डॉक्टरांकडे नुसता बघत राहिलो. ते म्हणाले की साखर काही वर्षं वाढलेली असावी, शिश्नाच्या नसा आणि रक्तवाहिन्यांवर तिचाच परिणाम दिसतोय. पायांच्या बोटांना एक बारीक नायलॉनची तार टेकवून विचारलं, 'कळतंय का?' उजव्या अंगठ्यावर कळलं नाही.

मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन सुरू झालीय, रक्तदाबाची गोळीही. ईसीजी आणि ट्रेडमिल चाचणी ठीक आली, मग त्यांनी सिल्डेनाफिलची कमी मात्रा लिहून दिली, केव्हा घ्यायची आणि केव्हा नाही ते समजावून. रोज ४५ मिनिटं चालतो. रात्री साडेदहाला फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. वहीत आता साखरेचा चौथा रकाना आलाय.

खल-बत्ता, ती बाटली. तुमचं वाचल्यावर मी मित्राला फोन केला. त्याला तुमचा परिच्छेद वाचून दाखवला तर तो गप्प झाला. त्याने तशीच एक बाटली आपल्या थोरल्या भावाला दिली होती आणि भाऊ जिभेखालची गोळी खिशात ठेवणारा माणूस. मित्र त्याच रात्री गाडी काढून गेला आणि बाटली घेऊन आला. सील फोडलेलं नव्हतं.

एकच विचारायचं राहिलंय. माक्याचा डबा अर्धा शिल्लक आहे. मेटफॉर्मिनसोबत चालेल का? इच्छेचा आकडा अजून ६-७ वरच आहे, म्हणून टाकवत नाही.

खल-बत्ता

सील फोडलेलं नव्हतं हे वाचून खरंच जीव भांड्यात पडला. दोन्ही बाटल्या जपून ठेवा आणि औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत द्या, बॅच क्रमांकाचा फोटो काढून. लागेल ती मदत मी करतो.

स्टेथो

मेटफॉर्मिन आणि माका एकत्र घेतल्याने काही बिघडतं असं माझ्या पाहण्यात नाही, पण दोन्ही पोटाला त्रास देतात. आता गोळी नवीन आहे, महिनाभर माका बाजूला ठेवा, म्हणजे पोट बिघडलं तर कशाने ते कळेल. रक्तदाब आटोक्यात आल्यावर घ्यायचा असेल तर रोज दीड ग्रॅम घ्या, आणि तुमच्या डॉक्टरांना डबा दाखवूनच. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासायला सांगितलं का? नसेल तर पुढच्या भेटीत विचारा. आणि घोरण्याचं राहिलं, बायकोला विचारलंत का?

उत्तररात्र

विचारलं. म्हणाली, 'घोरतोस, आणि मध्येच श्वास थांबतो. मी कोपराने ढोसते.' तिला वाटायचं सगळेच असं करतात. डोळ्यांची तपासणी सोमवारी आहे, त्याच दिवशी झोपेचंही विचारतो.